अल्लालच्या टाचा

अल्लालच्या तोंडापेक्षा त्याच्या टाचा माझ्या जास्त ओळखीच्या आहेत. आमच्या मेकनेस शहरात लग्नात नवरीला अमारियात बसवतात. अमारिया म्हणजे चकचकीत पत्र्याने मढवलेला मेणा. तो आम्ही चौघे भोई खांद्यावर घेऊन नाचवतो. चौघांत डाव्या दांडीला पुढे अल्लाल आणि त्याच्या मागे मी, मैमून. इतकी वर्षं या जागा कधी बदलल्या नव्हत्या. वर नवरी हात हलवत असते, पुढे ढोल आणि लांबलचक तुताऱ्या वाजत असतात, बायका जिभा वळवून किलकाऱ्या मारत असतात. पाहुण्यांना नवरी दिसते. मला अल्लालच्या टाचा दिसायच्या आणि त्या बघून मी माझं पाऊल टाकायचो.

पोटापाण्यासाठी मी गळक्या किटल्या दुरुस्त करतो आणि अल्लाल पुदिना विकतो. माणूस बुटका, गोल, मिशा मात्र घोडेस्वाराच्या. त्याची हातगाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असते आणि गिऱ्हाईक जुडी उचलायच्या आत त्याची बडबड सुरू होते. "बाई, ही घेऊ नका, ही कालची आहे. ही घ्या. हिचा चहा केलात तर नवरा बाहेर जायचं नाव घेणार नाही." त्यावर बाई म्हणते, "मग ती कालचीच दे बाबा." रोज हेच, आणि रोज दोघेही नव्याने हसतात.

पण हा माणूस खरा फुलतो तो लग्नात. पांढरे कपडे, लाल टोपी, पायात पिवळ्या चामड्याच्या, मागून उघड्या सपाता. ढोल चढला की तो डावा पाय बाजूला असा काही झटकायचा की सगळा मांडव हसायचा. त्याला आम्ही अल्लालची लाथ म्हणतो. नवऱ्या मुलींच्या आया लल्ला झहूरला सांगून ठेवायच्या, "लाथवाला पाठवा हं." लल्ला झहूर, म्हणजे झहूरबाई, ही नवरीला सजवणारी आमची मालकीण. मेणा तिचा, कपडे तिचे, सपाता तिच्या आणि जीभही तिचीच.

अल्लालला एकच मुलगी, वियाम. ती एवढीशी होती तेव्हापासून हा तिला सांगत आला, "तुझ्या लग्नात तुझी अमारिया मी उचलणार." आमच्यात नवरीचा बाप दारात उभा राहून पाहुण्यांना या-बसा करतो. मेणा उचलणं हे पोटासाठी राबणाऱ्या भोयांचं काम. पण अल्लालला ते कोण सांगणार? शब्द दिला होता. आणि उन्हाळ्यात वियामचं लग्न ठरलं.

नेमकी तेव्हाच त्याची टाच बिघडली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की हा भिंत धरून ओरडायचा. मग गुडघाही दुखायला लागला. त्याच्या बायकोने, रहमाने, कोमट तेल-मीठ बांधलं. त्याच्या सासूने नजर काढली. मी गरम वाळूची पुरचुंडी सुचवली, तिने फोड आला आणि रहमा माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. अल्लाल सगळ्यांना सांगत फिरायचा, "थंडी भरलीय, बाकी काही नाही." भर उन्हात थंडी भरली होती!

मग एका लग्नात व्हायचं ते झालं. लाथ झटकून त्याने डावा पाय खाली टेकवला आणि पाय लुळा पडला. मेणा झुकला. नवरी किंचाळली, तिने खांब पकडला, पण डोक्यावरचा मुकुट सटकला आणि थेट नवऱ्याच्या आत्याच्या मांडीत पडला. आत्याने तो उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शेवटपर्यंत काढला नाही. सगळे हसले, निभावून गेलं. लल्ला झहूर हसली नाही.

"अल्लाल," ती मागच्या खोलीत म्हणाली, "आज मुकुट पडला. उद्या पोरगी पडेल. तुझ्या जागी दुसरा माणूस बघते मी."

"लल्ला, वियामच्या लग्नापुरतं तरी..."

"वियामच्या लग्नात तर मुळीच नाही. दुसऱ्याची पोरगी पाडलीस तर मी मार खाईन. स्वतःची पाडलीस तर तू जगशील का रे?"

अल्लालने टोपी आणि सपाता काढून तिच्या पेटीत ठेवल्या आणि तो लंगडत घरी निघाला.

वियाम औषधांच्या दुकानात कामाला आहे. तिनेच नव्या शहरातल्या, हमरियातल्या, सुकैना नावाच्या बाईचा पत्ता काढला. ही बाई गोळ्या देत नाही, म्हणे. माणूस उभा कसा राहतो, चालतो कसा, भार कुठे पडतो, हे तपासते आणि दुखण्याचं मूळ शोधते. अल्लाल म्हणाला, "चालायला मला आईने शिकवलंय." वियाम म्हणाली, "मग आजीलाच विचारू, टाच का दुखते ते." गेला मुकाट्याने.

पण जाण्याआधी त्याने जी तयारी केली ती आमच्याच माणसाला सुचावी. डॉक्टरला पाय दाखवायचे, तर ते स्वच्छ नकोत? आदल्या दिवशी तो हमामात गेला. तिथला अंग घासणारा बुअज्जा म्हणजे राक्षस. त्याला सांगितलं, "पायांवर जोर लाव, उद्या बाईमाणसासमोर ठेवायचेत." बुअज्जाने काळा साबण आणि दगड घेऊन तळवे असे घासले की तान्ह्या बाळाचे वाटावेत. रहमाने त्याच्या जुन्या, झिजलेल्या सपाता कचऱ्यात फेकल्या. "त्या घालून तिथे गेलात तर लोक मला नावं ठेवतील." वर नवेकोरे पांढरे बूट घेतले. सोबतीला मी होतोच.

सुकैना पोरसवदा, केस वर बांधलेले, डोळे मात्र सराफाचे. तिने अल्लालला बाकावर बसवलं, पाऊल हातात घेतलं, उलटं केलं आणि बघतच राहिली.

"काका, हे पाय कुणाचे?"

"माझेच," अल्लाल खूश होऊन म्हणाला. "कालच घासून आणलेत."

"आणि घट्टे?"

"एकही ठेवला नाही बघा."

तिने कपाळाला हात लावला. "अहो काका, घट्टा मला सांगतो भार कुठे पडतो. जुनी चप्पल सांगते कुठे झिजते. तुम्ही साक्षीदार धुऊन काढलेत आणि बूट दुकानातून आणलेत. आता मी विचारू कुणाला?"

"घाणेरडे पाय कसे दाखवायचे?"

"माझ्याकडे पाय मागणी घालायला येत नाहीत. दुखतात म्हणून येतात."

मी फिस्सकन हसलो. अल्लालने माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

तिने त्याला एका काळ्या पट्टीवरून चालायला लावलं. पाऊल पडेल तसा त्याचा ठसा पडद्यावर लाल, पिवळा, निळा उमटायचा. पण बाई बघतेय म्हटल्यावर अल्लाल छाती काढून सुलतानाच्या पहारेकऱ्यासारखा चालला. ती म्हणाली, "काका, साधं चाला." तो आणखी ताठ झाला. मग तिने घोटे फिरवून पाहिले, गुडघे वाकवले, एका पायावर उभं केलं, टाच उचलायला लावली. डाव्या पायावर तो डगमगला. पोटरी दोरीसारखी आखडलेली होती आणि डाव्या तळव्याची कमान जराशी बसकी.

"पण एवढ्यावरून इतकं दुखायला नको," ती स्वतःशीच म्हणाली. "काहीतरी आहे जे मला दिसत नाहीये. काका, काम काय करता?"

"पुदिना विकतो."

बाकावर परत बसत त्याने खालून माझा पाय दाबला. मला कळलं. हिला खरं सांगितलं तर ही मेणा बंद करेल, ही त्याला धास्ती. पण मला असलं चोरटेपण सहन होत नाही. इतक्या लांब काय पुदिन्याचा भाव सांगायला आलो होतो?

"आणि नवऱ्या उचलतो!" मी म्हणालो.

सुकैनाने मान वर केली. "काय उचलतात?"

"नवऱ्या."

"एका वेळी किती?"

मग सगळं बाहेर आलं. अमारिया, कोपरा, लाथ, मुकुट, आत्या आणि शेवटी वियाम. वियामचं सांगताना अल्लालचा आवाज बारीक झाला. सुकैनाने सगळं ऐकून घेतलं आणि नकार दिला नाही. ती म्हणाली, "काही दिवस तळवे घासायचे नाहीत. मग लग्नात घालता त्या सपाता घेऊन या. आणि भार घेऊन या."

"भार?"

"अमारिया. रिकाम्या खांद्याने चालणारा माणूस मी पाहिला. दुखणं त्याला नाहीच."

लल्ला झहूरकडून मेणा मागायचं काम माझ्यावर आलं. ती आधी किंचाळली, मग गप्प झाली, मग म्हणाली, "ओरखडा पडला तर तुझ्या किटल्या वितळवून भरून घेईन." लग्नाच्या सपाता तिच्याच पेटीत असतात, त्यामुळे त्या रहमाच्या हातून वाचल्या होत्या. आम्ही चौघे भर दुपारी रिकामी अमारिया खांद्यावर घेऊन हमरियातून निघालो. गाड्यांनी भोंगे वाजवले. गच्चीवरच्या बायकांनी किलकाऱ्या मारल्या. एका म्हाताऱ्याने हात वर करून नवरीला दुआ दिली आणि मग वर पाहून विचारलं, "अरे, नवरी कुठाय?"

"डॉक्टरकडे," मी म्हणालो.

"अल्ला बरं करो," तो म्हणाला.

दवाखान्यामागे फरशीचं अंगण होतं. वर बसायला कोणीतरी हवं होतं. दारात नावं लिहून घेणारी लल्ला तौदा पुढे आली. चांगली भरभक्कम बाई. तिचं लग्न दुष्काळाच्या साली झालं होतं आणि तिला सासरी मामाच्या मालट्रकमधून, बकऱ्यांच्या शेजारी बसवून नेलं होतं. "मी बसते," ती म्हणाली, "पण नीट उचला हं. मी पिठाचं पोतं नाही." बसल्या बसल्या तिने ओढणी सारखी केली आणि रिकाम्या अंगणाला हात हलवायला लागली. इतक्या नवऱ्या उचलल्या, पण इतकी खूश झालेली मला आठवत नाही.

आम्ही तोंडानेच ढोल वाजवला आणि नाचलो. सुकैना फरशीवर पालथी पडून मोबाइलवर आमच्या पावलांचं चित्रण करत होती. मग तिने आम्हाला ते अगदी संथ करून दाखवलं.

अल्लालने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या टाचा पाहिल्या. दांडी उजव्या खांद्यावर, म्हणून कंबर डावीकडे सरकलेली आणि सगळा भार डाव्या पायावर. प्रत्येक पावलाला डावा तळवा आतल्या बाजूला कोसळत होता आणि गुडघा त्याच्या मागोमाग आत वळत होता. सपात मागून उघडी, ती निसटू नये म्हणून बोटं आकसून तिला पकडत होती. आणि लाथ! पाय झटकून खाली आला की अल्लाल, मेणा आणि लल्ला तौदा यांचं ओझं त्या कोसळलेल्या तळव्यावर आदळत होतं. सुकैनाने सपाता उलट्या केल्या. डावीचा तळ आतल्या कडेने झिजून कागदाइतका झाला होता, उजवी जवळजवळ नवी.

"हा मी?" अल्लाल म्हणाला.

"हा तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता थंडी. थंडी नाही काका. तळव्यातली शीर टाचेपाशी रोज ताणली जातेय. वर्षानुवर्षं एकाच बाजूने."

तिचा उपाय ऐकायला सोपा होता. तळव्याच्या मापाचा कमानीला आधार देणारा तुकडा, सपातेला मागून टाच धरणारी पट्टी, पायरीवर उभं राहून पोटरी ताणायची कसरत. काही दिवस मेणा बंद. आणि मग डावा पुढचा कोपरा कायमचा सोडायचा. उजव्या दांडीला, मागे, डाव्या खांद्यावर भार. लाथ नाही, आणि मागे असलं की तिचा मोहही नाही.

अल्लाल उठून उभा राहिला. "मागे? मी मागे? बाई, लोक मला बघायला येतात!"

"लोक नवरीला बघायला येतात," सुकैना म्हणाली.

तो तडक बाहेर पडला आणि बाकीच्या दोघांना मेण्यापाशी बसवून मी त्याच्या मागे निघालो. परतीच्या वाटेवर मी त्याला मनसोक्त झापलं. मी इतकी वर्षं मागे आहे, मी काय मेलोय का? माझी काय इज्जत नाही? तो लंगडत पुढे चालत राहिला. घरी वियामने त्याच्या पुढ्यात चहा ठेवला आणि सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं.

"बाबा, तुम्ही मला उचलणार म्हणाला होतात," ती म्हणाली. "पुढून उचलणार असं कुठे म्हणाला होतात?"

"अगं, मागून मला दिसणार काय? तुझी पाठ?"

"बघू," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

दुसऱ्या सकाळी अल्लाल गाडीजवळच्या पायरीवर बोटं टेकवून, टाचा खाली सोडून उभा होता. गिऱ्हाईकं विचारायची, "काय रे, कोणाची वाट बघतोस?" तो म्हणायचा, "टाचेची." सपातवाल्याने पिवळ्या चामड्याची मागून बंद जोडी शिवून दिली. बाकीचे दोघे भोई त्याला बूटवाले शेख म्हणायला लागले. त्याने त्यांनाही सुकैनाचा पत्ता दिला.

खरे हाल आमचे झाले. तो उजवीकडे मागे गेल्यावर उजवीकडचा मागचा डावीकडे मागे आला आणि मला डावीकडे पुढे सरकावं लागलं. कुणाची लाथ कुणाच्या पोटरीला, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत. रहमाची पिठाची पोती मेण्यात ठेवून आम्ही सराव केला आणि पहिल्याच दिवशी गल्ली पांढरी झाली. माझ्यापुढे आता टाचाच नव्हत्या. कशावरून पाऊल टाकू? अल्लाल मागून ओरडायचा, "मैमून, उजवी! अरे गाढवा, तुझी उजवी!" मला वाटलं, मागे असताना मी याच्यावर कधी इतकं ओरडलो होतो का? नव्हतो. हा माझा मोठेपणा.

पण त्याची सकाळची आरोळी बंद झाली. आधी आठवड्यातून एखादा दिवस, मग बहुतेक दिवस. थोडं दुखायचं, ते तो कबूल करायचा, आणि तेच मला नवल वाटायचं. लल्ला झहूर एक दिवस सरावाला आली, कमरेवर हात ठेवून तिने आमची फेरी पाहिली आणि म्हणाली, "ठीक आहे. पण लाथ मारलीस तर बघ."

वियामच्या लग्नाला आजीला जागरण नको म्हणून अमारिया ऊन उतरायच्या आत काढली. अल्लालने दारात उभं राहून पाहुण्यांना या-बसा केलं, मग बापाचा झगा काढून भोयाचे पांढरे कपडे चढवले. नवऱ्याकडचे जरा बावरले. नवऱ्याची आई म्हणाली, "हे काय, व्याही मेणा उचलणार?" रहमा म्हणाली, "त्यांना कोण थांबवणार? तुम्ही थांबवून बघा."

ढोल सुरू झाला. वियाम हिरव्या कपड्यांत वर बसली आणि आम्ही उचललं. अंगणात पहिली फेरी सरळ झाली. मी पुढे, नजर समोर, घामाने चिंब. दुसऱ्या फेरीला मेणा एकदम हलला. मी दांडी घट्ट धरली. गेला, मला वाटलं, अल्लाल गेला. मागून लल्ला झहूरचा आवाज आला.

"अगं ए पोरी! सरळ बस! पाहुणे इकडे आहेत!"

मला मान वळवता येईना. समोर फक्त पाहुण्यांची तोंडं दिसत होती. आधी ती गोंधळली, मग हसायला लागली, मग दोनतीन बायका ओढणीने डोळे पुसायला लागल्या. काय चाललंय, मला कळेना. दांडी मात्र पक्की होती, मागून पावलं बरोबर पडत होती, जराही इकडेतिकडे नाही. ढोलवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने वाजवणं थांबवलंच नाही. आम्हीही फेऱ्या थांबवल्या नाहीत.

शेवटी मेणा खाली ठेवला तेव्हा मी वळून पाहिलं. वियाम उलटी बसली होती. जगाकडे पाठ आणि तोंड मागे, बापाकडे. मांडी घालून, मुकुट वाकडा, गालांवरचं काजळ ओघळलेलं आणि हसत होती. समोर अल्लालच्या मिशांतून पाणी ठिबकत होतं आणि तो लहान पोरासारखा उभा होता.

गर्दीतून सुकैना आली. तिची नजर त्याच्या पायांकडेच. "काका, टाच कशी आहे?"

"कुठली टाच?" अल्लाल म्हणाला.

मग तो माझ्याकडे वळला आणि त्याने माझा दंड धरला. "मैमून, पाहिलंस? तिने काय केलं पाहिलंस?"

"मी पुढे होतो रे," मी म्हणालो. "मला काहीच दिसलं नाही."

"मग ऐक," तो म्हणाला आणि सांगायला लागला. आता रोज सकाळी पुदिन्याच्या गाडीशी चहा घेताना तो ते मला पुन्हा सांगतो, आणि मी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकतो.